लाथेवर फुलणारं झाड

आमच्या मोताळ्याचे खर्चे सर सोयाबीनला वनस्पतीच मानत नाहीत. "त्याच्यावर एक श्लोक दाखव, मंग बोल," म्हणतात. ज्या पिकाच्या जिवावर आमच्या तालुक्यात लग्नं लागतात, ते सरांच्या लेखी तण. कारण जुन्या कवींनी ते पाहिलं नव्हतं. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीलाही ते जेमतेम पास करतात.

सरांनी शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलं. निवृत्त झाल्यावर अंगणात काव्यातली झाडं लावली आणि मशागतही काव्यातलीच सुरू केली. बकुळ म्हणे सुंदरीनं मद्याची चूळ टाकली की फुलते. हे कळताच गल्लीतले दोघं सेवेला हजर झाले. सुंदरीची अट ऐकून बिचारे परत गेले.

खरा तमाशा अशोकाचा. अळता लावलेल्या डाव्या पायानं सुंदरीनं लाथ मारली, की अशोक लालभडक फुलतो, असं कवी सांगतात. सुंदरी आणायची कुठून? घरात सरांची बायको, आमच्या काकू होत्या, वय बासष्ट. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला आणि नेमका डावा पाय गेला. रोज पाय हलवा, नाहीतर कायमचं अंथरूण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकू ऐकेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. आणि हा माणूस अशा बाईला रोज सकाळी धरून अंगणात आणायचा, स्वतःच्या हातानं अळता लावायचा आणि ओरडायचा, "हां, मार! कवी खोटं बोलत नाहीत!"

"काऊन हो, जीव घेता का माहा?" म्हणत काकू लाथ मारायच्या. कुंपणापाशी बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. सर चष्मा चढवून कळी शोधायचे.

मी रोपवाटिकेत कामाला. सरांची चूक मला पहिल्याच दिवशी दिसली होती. त्यांचा अशोक म्हणजे कचेऱ्यांच्या कुंपणाला असतो तो उंच, सरळसोट. लोक त्याला अशोक म्हणतात खरे, पण त्याला बारीक हिरवट फुलं येतात. लाल फुलांचा सीता-अशोक वेगळाच. पण शाळेत सरांनी मला इतक्यांदा बाकावर उभं केलं होतं, की बोलायची हिंमत होईना.

एका सकाळी काकूंची टाच सोललेली दिसली आणि माझं डोकं फिरलं. सर नळावर बादली भरत होते, तिथंच गाठलं. "सर, हा तो अशोकच नाही. हत्तीनं लाथ मारली तरी याले लाल फूल येणार नाही. काकूले काऊन छळता?"

"हळू बोल बे." सरांनी मागं वळून पाहिलं. "मले माहीत हाये. फूल आलं असतं तर तिचं काम संपलं असतं. येत नाही, म्हणून तर रोज उठते. डॉक्टरसाठी नाही उठली, माह्यासाठी बी नाही." बादली भरून वाहत होती. "ती पडून राह्यली तर मी कोणाशी बोलू, सांग?"

मला माझीच लाज वाटली.

परत आलो तर खुर्चीतल्या काकूंनी मलाच विचारलं, "तू झाडातला माणूस. खरं सांग, येते का याले फूल?"

सर माझ्याकडे पाहतच नव्हते.

"येते ना, काकू. लाथ थोडी कमी पडून राह्यली. पण आता चप्पल घालून मारा."

काकूंनी सरांकडे पाहिलं. "काव्यात चप्पल चालते का हो?"

"चालते! चालते!" म्हणत सर घरात धावले. चप्पल घेऊन बाहेर आले, तेव्हा काकू खुर्ची सोडून, कोणी न धरता, झाडासमोर उभ्या होत्या.