बरे झालेले अपात्र

वनस्पतिजन्य औषध संशोधन संस्थेच्या मागच्या भिंतीलगत एक झुडूप आपोआप उगवलं होतं. त्याच्या पानांतल्या घटकाने इसब बरा होतो का, हे ठरवण्यासाठी संस्थेने रीतसर चाचणी जाहीर केली. अट एकच होती : रुग्णाला खाज असली पाहिजे, आणि ती दर तपासणीत असली पाहिजे. अट मला रास्त वाटली. ती टाइप मीच केली होती.

माझ्या वहिनींचं केस कापायचं छोटं दुकान. दिवसभर शाम्पूत हात, त्यामुळे बोटं लाल आणि भेगाळलेली. गिऱ्हाईक आरशात आधी स्वतःकडे बघायचं, मग वहिनींच्या बोटांकडे, आणि त्याला एकदम दुसरं काम आठवायचं. दुकान बंद पडायची वेळ आली, तेव्हा मी वहिनींना चाचणीत घातलं.

मलम हिरवंगार, वास ओल्या पोत्याचा. पण भेगा मिटल्या. गिऱ्हाईकं परतली. वहिनी खुशीत तपासणीला आल्या आणि त्यांनी दोन्ही पंजे संस्थाप्रमुखांच्या टेबलावर पसरले.

"बघा साहेब, खाज नावाला नाही!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. प्रमुखांचा चेहरा पडला.

"अजिबात नाही?"

"अजिबात."

"मग तुम्ही अटीत बसत नाही, बाई. मलम परत करा."

"अहो, पण मलमानेच तर गेली!"

"कशाने गेली ते अजून सिद्ध व्हायचंय. खाज नसलेल्याला खाजेचं औषध देणं आमच्या नीतीत बसत नाही."

नियम सगळ्यांना सारखा. जो बरा होईल तो बाहेर. शेवटी ज्यांना काडीचा गुण आला नव्हता तेवढेच उरले. त्यांतले एक निवृत्त मास्तर तर मलम लावतच नसत. ते फुकटच्या चहासाठी येत. अहवाल निघाला : चाचणी पूर्ण करणाऱ्या एकाही रुग्णाला फायदा नाही. संस्थेच्या काटेकोरपणाची वाहवा झाली आणि प्रमुखांना बढती मिळाली.

इकडे वहिनींची बोटं पुन्हा फुटली. त्या धावत संस्थेत आल्या. "भाऊजी, खाज परत आली. आता तरी घ्या म्हणावं मला!"

मी प्रमुखांना विचारलं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "एकदा बरं झालेलं माणूस पुन्हा बरं व्हायच्या आशेने येतं. असला पूर्वग्रह संशोधनाला घातक."

"मरू दे तुमचं मलम," वहिनी मला म्हणाल्या. "ते झुडूप दाखवा. मी चार पानं चोळते."

आम्ही मागे गेलो. अहवालात निरुपयोगी ठरल्यामुळे झुडूप मुळासकट उपटलं होतं. त्या जागी त्याचं रंगीत चित्र असलेला फलक लावला होता. वहिनी बोटं खाजवत तो पूर्ण वाचत उभ्या राहिल्या. पुढच्या महिन्यात दुकानाला कुलूप लागलं. मला फार वाईट वाटलं, पण अट मी पुन्हा तपासली. टायपिंगची चूक एकही नव्हती.

आता दुसऱ्या एका पाल्याची चाचणी सुरू होतेय आणि माणसं कमी पडताहेत. हे वाचता वाचता तुमचा हात एकदा तरी मानेकडे किंवा कोपराकडे गेलाच असेल. लाजू नका, तुम्ही अटीत बसता. जरूर या. फक्त तेवढं बरं होऊ नका.