खुंटीवरचा पाईप

घुग्घुसच्या रस्त्यावर गाडी धुणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चकाचक झालेली गाडी वळणापर्यंत पोचते न पोचते तोच कोळशाचा ट्रक शेजारून जातो आणि गाडी होती तशी काळी. तरी लोक गाड्या आणत आणि लटारूभाऊ त्या मन लावून धुऊन देत. कारण गाडीसोबत माणूस येतो. एरवी त्यांच्या दाराशी कोणी येत नव्हतं.

बायको, कमळाबाई, होत्या तोवर बोलायचं काम त्यांचं. भाऊ गाड्या धुवायचं मशीन चालवायचे आणि त्या गिऱ्हाइकाला खाटेवर बसवून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायच्या. मशीनच्या घरघरीत भाऊंना अक्षर ऐकू यायचं नाही. जेवताना सगळं सविस्तर कळायचं. कमळाबाई गेल्या, मुलगी दिव्यानी लग्न होऊन नागपूरला गेली आणि घरात बोलणारं फक्त मशीन उरलं. गिऱ्हाईक खाटेवर बसून मोबाईल पाहायचं, गाडी झाली की निघून जायचं. भाऊंना फार एकटं वाटायचं. कधीकधी ते धुतलेलंच चाक पुन्हा धुवायचे. तेवढाच माणूस थांबतो!

त्या रविवारी प्रफुल्ल नावाचा तरुण त्याच्या आत्याला, रुखमाबाईंना, घेऊन आला. सिंदेवाहीला मुलगी पाहायला जायचं होतं.

"भाऊ, जरा लवकर करा जी. जेवाच्या आधी पोचा लागते."

"पोराले तं मी सकाळीच घासून काढलं," रुखमाबाई म्हणाल्या. "आता गाडीच राह्यली."

त्यांच्या मागोमाग खाणीतली पाळी संपवून श्रावण मोटरसायकल धुवायला आला. तो इतका काळा झाला होता, की मोटरसायकल कुठे संपते आणि श्रावण कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

भाऊंनी प्रफुल्लच्या गाडीला टपापासून टायरपर्यंत साबणाचा फेस चढवला आणि धुवायला गन दाबली. पाईपला जोडाजवळ कधीचा फुगा आला होता. तो आजच फुटायचा होता. फाट्‌ असा आवाज झाला आणि पाईप डिवचलेल्या धामणीसारखा अंगणभर नाचायला लागला. भाऊ बटणापर्यंत धावेस्तोवर श्रावण डोक्यापासून बुटांपर्यंत निथळत होता.

"अरे बाप्पा!" रुखमाबाईंनी तोंडाला पदर लावला. "हा तं गोरा निंगाला!"

भाऊ घरात गेले. फुगा दिसला तेव्हाच त्यांनी चंद्रपूरहून नवा पाईप आणून ठेवला होता. प्लास्टिकसकट, खुंटीवर, पोत्याखाली. त्यांनी हात घातला आणि बाहेरून श्रावणचं बोलणं कानावर आलं.

"तुमी कुठच्या जी, बाई?"

"माहेर मूल गावचं."

"मूलच्या? आमची मामी मूलचीच आहे ना!"

मग मामीचं आडनाव निघालं, मामीच्या दिराचं कोर्टातलं भांडण निघालं, प्रफुल्ल हसला, खाट करकरली. त्या अंगणात माणसं हसल्याला किती काळ झाला होता! भाऊंचा हात पाईपवरून खाली आला. त्यांनी पोतं नीट सारखं केलं आणि चेहरा पाडून बाहेर आले.

"नवा पाईप नाई जी. चंद्रपूरवरून आणा लागन."

माणसानं खोटं बोलू नये म्हणतात ते काही उगीच नाही. एक बोललं की त्याच्या लेकराबाळांनाही पोसावं लागतं.

"मंग चंद्रपूरच्या माह्या दोस्ताले फोन करतो," प्रफुल्ल म्हणाला. "तो घेऊन येते."

"आज इतवार. दुकान बंद राह्यते."

"दुकान त्याच्या सासऱ्याचंच आहे. उघडन ना!"

"त्या दुकानातला चालत नाई." भाऊंना घाम फुटला. "आमच्या मशीनचं तोंड वायलं आहे."

"कायले पाह्यजे नवा?" श्रावण पुढं झाला. "सायकलची ट्यूब आना. पट्टी गुंडाळतो, वरून तार आवळतो. बसला पाईप!"

आपल्याकडे सायकलच्या ट्यूबनं विहिरीच्या मोटारीपासून आजोबांच्या काठीपर्यंत सगळं बसतं. पण हा प्रेशरचा पाईप. त्याच्यापुढे ट्यूब टिकत नाही हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तसं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उलट ट्यूब शोधून दिली.

पट्टी बसली, तार आवळली, मशीन सुरू झालं आणि पट्टी उडून थेट आंब्याच्या झाडावर गेली. पाण्याची धार प्रफुल्लच्या छातीवर बसली. इस्त्रीचा शर्ट गेला, भांग गेला, कानात साबण गेला. तिकडे गाडीवरचा फेस उन्हात वाळून पिठल्यासारखा घट्ट झाला होता.

प्रफुल्ल खाटेवर बसला. "आत्या, आधीच्या दोघींनी नाई म्हटलं. आता उशीर झाला तं हेही गेली."

हे मात्र भाऊंच्या काळजाला लागलं. आपल्या अंगणात चार शब्द पडावे म्हणून पोराचं लग्न मोडायचं? ते पाईप आणायला उठले. पण रुखमाबाई चहा मांडायला आधीच आत गेल्या होत्या. भाऊ दारात पोचले तेव्हा त्या साखर शोधत होत्या आणि खुंटीवरचं पोतं त्यांच्या हातात होतं.

रुखमाबाईंनी पाईपकडे पाहिलं. मग भाऊंकडे. मग चुलीजवळच्या एकाच कपाकडे. बाकीचे कप वरच्या फळीवर धुळीत पालथे होते. भाऊंना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

रुखमाबाईंनी पोतं होतं तसं पाईपवर टाकलं.

"ते कप काढून द्या," त्या म्हणाल्या. बाहेर येऊन भाच्याला म्हणाल्या, "पाईपचं काई जमून नाई राह्यलं. बादल्या घे. अन्‌ पोरीवाल्याह्यले फोन कर, उशीर होते म्हन."

मग चौघांनी मिळून गाडी घासली. श्रावणनं टप, प्रफुल्लनं दारं, रुखमाबाईंनी पदर खोचून काचा. मशीन बंद होतं, त्यामुळे भाऊंना पहिल्यांदाच सगळं ऐकू आलं. मामीच्या दिराच्या कोर्टाचा निकालसुद्धा.

गाडी गेली, श्रावण गेला. अंगण पुन्हा गप्प झालं. भाऊंनी चार कप सावकाश धुतले. मग स्वतःची फार लाज वाटून पाना घेतला आणि नवा पाईप लावून टाकला.

पुढच्या रविवारी तीच गाडी दारात उभी राहिली. तिच्यावर धुळीचा कणसुद्धा नव्हता. प्रफुल्लच्या हातात पेढे होते.

"जमलं, भाऊ! पोरगी म्हने, कानात साबण घेऊन आलेला पयलाच पाह्यला."

मागून रुखमाबाई उतरल्या. भाऊ खाली मान घालून म्हणाले, "बाई, गाडी तं साफच आहे."

"आहे ना. पाईप फुटला असन, म्हटलं, बसू घडीभर."

"नाई जी. मी नवा लावला."

"आता काय म्हनावं या माणसाले!" रुखमाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काऊन लावला? आता आमी बसावं कसं?"

पेढा तोंडात टाकून लटारूभाऊ मशीनजवळ गेले आणि नवा पाईप खोलायला लागले.