साठला येणारी थरथर

पाटोळेकाका कुठलीही वस्तू उघडण्याआधी तिच्यावर लाल रेघ मारतात. अर्धी रेघ झाकणावर, अर्धी डब्यावर. परत लावताना दोन्ही अर्धी जुळली की वस्तू होती तशी बसली, असा त्यांचा हिशेब. रेघेसाठी नेलपॉलिश लागतं, कारण खडू पुसला जातो आणि रंगाचे पोपडे निघतात. दिल्लीत आमच्या मयूर विहारातल्या दुकानदाराने "कौन सा शेड, अंकल जी?" म्हणून विचारलं, तेव्हा काका म्हणाले होते, "जो उतरे नहीं."

मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. फायलींवर खुणा करण्यात माझा जन्म चालला आहे, पण लोणच्याच्या बरणीवर खूण करावी असं मला कधी सुचलं नव्हतं. बरणीचं झाकण अडकलं म्हणून मी खालच्या मजल्यावर काकांकडे गेले, तर त्यांनी आधी रेघ ओढली.

"काका, लोणचं आहे हो ते."

"खूण केल्याशिवाय खोलायचं नाही. बिल्कुल नाही."

मग रेघ वाळेपर्यंत आम्ही दोघं त्या बरणीकडे बघत उभे राहिलो.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे एक प्रश्न. कुणी कसलीही तक्रार केली की काका विचारतात, "कितीला येते?" म्हणजे किती वेगाला. साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई जिन्यात गुडघा धरून थांबल्या, तर काकांनी विचारलं, "कितीला येतं? रिकामं असताना की वजनावर?" सासूबाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवून खरोखर विचार केला आणि म्हणाल्या, "वजनावर." काका समाधानाने मान हलवून निघून गेले. ते डॉक्टर नाहीत हे सासूबाईंना पटवताना माझी पुरेवाट झाली.

काका मूळचे नगरचे. एका केंद्रीय खात्यात जनरेटरची देखभाल करण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात, शाल घेतात. काकांनी खात्याच्या लिलावातून एक जुना पिकअप ट्रक घेतला. दारावरच्या रंगाखाली अजून 'भारत सरकार' पुसटसं वाचता येतं. गाडीचं वय आता चौदा. दिल्लीत पेट्रोलच्या गाडीला पंधराव्या वर्षी सक्तीची निवृत्ती मिळते, त्यामुळे तिच्याकडे एकच वर्ष उरलं होतं. आणि या गाडीला थरथर होती.

साठच्या वेगाला यायची. पंचावन्नला गाडी शांत, सत्तरच्या पुढे पुन्हा शांत, पण साठला काटा टेकला की सीटपासून आरशापर्यंत सगळं थरथरायचं. काका डॅशबोर्डवर पाण्याने काठोकाठ भरलेली स्टीलची वाटी ठेवून ती मोजायचे. त्यांनी चाकं बॅलन्स केली, इंजिनाखालचे रबर बदलले, शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस दोनदा बदलले. वाटीतलं पाणी सांडतच राहिलं. सोसायटीतले लोक चेष्टा करायचे, "काका, साठला तर सगळ्यांनाच थरथर येते." मिस्त्री तेजपालने तर हातच टेकले. "उमर हो गई है, अंकल जी. थोड़ी तो हिलेगी." काका त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

काकांच्या बायकोचा, सुशीलाकाकूंचा हात एकसष्टाव्या वर्षी हलायला लागला. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी जन्मभर शिकवलं. त्यांचं फळ्यावरचं अक्षर पाहायला दुसऱ्या वर्गातल्या बाई यायच्या म्हणे. आता पेन धरवत नव्हतं. औषधाने थोडा फरक पडला, पण भरलेला कप उचलला की तो बशीवर वाजायचा, आणि खोलीतले सगळे ऐकू न आल्यासारखं करायचे. काकूंना तेच सहन होत नसे. त्या आमच्या मराठी मंडळात यायच्या बंद झाल्या. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून प्रभुभोजनाच्या वेळी मान खाली घालू लागल्या, कारण तो छोटा पेला तोंडापर्यंत नेताना सांडायचा. माझ्याकडे आल्या तरी "चहा आत्ताच झाला" म्हणायच्या. त्या खोटं बोलताहेत हे मला कळायचं आणि मी आग्रह करत नसे. याची मला अजून लाज वाटते.

बाहेर त्या एकाच ठिकाणी आनंदाने जायच्या, पिकअपमध्ये. रविवारी दुपारी काका त्यांना मेरठच्या रस्त्याला फिरवून आणायचे. एकदा मीही गेले. पुढच्या सीटवर आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो होतो. काकूंनी थर्मास काढला, मी स्टीलच्या पेल्यांत चहा ओतला, आणि नेमका साठला काटा टेकला. माझा चहा साडीवर, काकांचा डॅशबोर्डवर, काकूंचा शालीवर.

"बघ, तुझाही सांडला!" काकू म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की मला त्यांच्या वर्गातल्या मुलांचा हेवा वाटला.

काका मात्र वाटीकडे बघत होते. घरी आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "संक्रांतीला पानिपतला जायचंय. गाडीचं शेवटचं वर्ष. त्याआधी हिला अशी शांत करतो की सुशीला बसून आरामात चहा पिईल, यार." मग म्हणाले, "तिचा हात हलतो ते माझ्या हातात नाही. गाडी हलते ते आहे."

मंडळाचे लोक दर संक्रांतीला पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला जातात. तिथे पडलेल्यांना हात जोडायचे, तिळगूळ वाटायचा आणि उन्हात बसून जेवायचं. पूर्वी चहाचं खातं काकूंकडे असायचं. तीन वर्षांत त्या गेल्या नव्हत्या. या वर्षी मात्र "गाडीतून असेल तर येईन" म्हणाल्या होत्या.

डिसेंबरातल्या एका सकाळी काकांनी मला पार्किंगमध्ये बोलावलं. ते गाडीखाली आडवे होते आणि मी बॅटरी धरून उकिडवी. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे एक लांब शाफ्ट जातो. तो दोन तुकड्यांचा असतो, आणि तुकडे दातांनी एकमेकांत बसतात. काकांनी रॉकेलच्या फडक्याने जोडावरचं वर्षानुवर्षांचं ग्रीस खरवडलं. खाली कारखान्यातच कोरलेले दोन बाण निघाले. ते समोरासमोर हवे होते. एक सरळ होता, दुसरा भलतीकडेच बघत होता.

"तेजपालने बेअरिंग बदलताना खोलला तेव्हा खूण नाही केली," काका म्हणाले. "मी उभा असतो तर तसा खोलू दिला नसता. मी नव्हतो त्या दिवशी."

"कुठे होता?"

"हॉस्पिटलमध्ये. सुशीलाच्या हाताचं त्या दिवशी कळलं."

लोणच्याच्या बरणीवरची रेघ मला तेव्हा समजली. माझ्या हातातली बॅटरी बाजूला वळली आणि काका खालून ओरडले, "उजेड सरळ धर!"

त्यांनी शाफ्ट काढून बाण समोरासमोर बसवले आणि दोन्ही बाणांवर लाल नेलपॉलिश लावलं. त्याच दुपारी आम्ही तिघं निघालो. पन्नास. साठ. वाटीतलं पाणी जागचं हललं नाही. पासष्ट, सत्तर, पुन्हा साठ. काकांचा चेहरा दहावीत पहिला आलेल्या मुलासारखा झाला. "चलो, चहा काढा!"

मी ओतला. माझा पेला स्थिर, काकांचा डॅशबोर्डवर स्थिर. त्या शांत गाडीत एकच पेला थर्मासच्या झाकणावर वाजत होता. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, दुसऱ्या हाताने तो दाबून धरला, मग खिडकीतून चहा ओतून दिला.

"नको मला. पित्त होतं."

काकांनी गाडी घराकडे वळवली. वाटीतलं पाणी तसंच काठोकाठ होतं. संध्याकाळी काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "पानिपतला तुम्ही सगळे जा गं. मला थंडी बाधते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाले तर गाडीखालून काकांचे पाय दिसले. मी वाकून पाहिलं. काका शेवटचा नट आवळत होते, आणि दोन लाल खुणा एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"काका, खूण चुकलीय."

काकांनी पाना आणखी एकदा फिरवला.

"दोन दात मागे घेतलंय," ते म्हणाले.

"मुद्दाम?"

"हूं."

"अहो, पण झिजेल ना ते?"

"क्रॉस झिजतील. लवकर जातील." काका बाहेर सरकले आणि हात पुसत बसून राहिले. डोळे लाल होते. "झिजू देत. क्रॉस बाजारात मिळतात."

त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा पोचले आणि कारण विचारल्यावर खोटं सांगितलं.

काकांनी काकूंना कसं समजावलं ते मला माहीत नाही. माझ्यासमोर ते त्यांना एवढंच म्हणाले होते, "ती थरथर परत आली गं. माझंच काहीतरी चुकलं." तेजपालचं नाव घेतलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात काकांनी यंत्राच्या बाबतीत चूक कबूल करण्याची ती पहिलीच वेळ असावी.

संक्रांतीच्या सकाळी आम्ही तिघं पानिपतच्या रस्त्याला लागलो. मागे मंडळाचे तिळगुळाचे डबे होते, एकाही डब्यावर रेघ नव्हती. डॅशबोर्डवर वाटीही नव्हती. साठला काटा टेकला आणि आरसा थरथरायला लागला, तेव्हा काकूंनी आपणहून थर्मास काढला.

एवढ्यात पुढे उसाचा ट्रॅक्टर आला. काटा चाळीसवर उतरला, गाडी एकदम शांत झाली. त्या शांततेत काकूंचा पेला एकटाच वाजू लागला. त्यांनी तो शालीखाली घ्यायला सुरुवात केली.

पाटोळेकाका कधीच कुणाला ओव्हरटेक करत नाहीत. सायकलवाल्याच्याही मागून ते अदबीने जातात. त्यांनी आरशात पाहिलं, जोरात हॉर्न दिला, गाडी उजवीकडे काढली आणि ट्रॅक्टर मागे टाकला. काटा पुन्हा साठवर आला. तिन्ही पेले वाजू लागले.

"अहो, तुमची गाडी काही सुधारायची नाही," काकू म्हणाल्या.

"वय झालं गं तिचं," काका रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "थोडी तर हलणारच."

माझ्या पेल्यातला चहा मांडीवर आला. काकूंनी शालीतून पेला बाहेर काढला, एक घोट घेतला, थोडा सांडला, आणि मला कोपराने ढोसलं.

"बघ, तुझाही सांडला!"