थोरल्या बाईसाहेबांनी पाळणा कॉम्प्युटरवर चढविला त्याची हकीकत

श्री. विघ्ने परतविणाऱ्या गजवदनास आधी दंडवत, मग त्याच्या वाहनास दंडवत, कारण या हकीकतीत पुष्कळ काम वाहनाच्या जातभाईने केले. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, तीन खोल्या आणि एक गॅलरी एवढ्या मुलखाचे एक राज्य होते, त्याचे नाव कोठे नोंदलेले नाही. तेथे धाकट्या राणीसाहेब मृण्मयीबाई बाळंतपणास माहेरी आल्या आणि त्यांस कन्यारत्न जाहले, वजन पावणेतीन किलो, आवाज त्याहून अधिक, आणि पायांची बोटे इतकी लहान की मोजता मोजता मोजणारा विसरून जाई आणि पुन्हा पहिल्यापासून मोजी. या छोट्या सरकारांचे बारसे बाराव्या दिवशी नेमिले. आता छोट्या सरकारांच्या आजी, थोरल्या बाईसाहेब द्वारकाबाई, यांचा लौकिक असा की आळीत कोणाचेही बारसे असो, पाळणा यांनीच रचावा आणि यांनीच म्हणावा, बाकी बायकांनी फक्त जो जो करावे. ऐशी तीस वर्षे गेली. परंतु या साली बाईसाहेबांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया जाहली आणि डॉक्टरांनी हुकूम केला की हळू बोला, गाणे तीन महिने बंद. मग स्वतःच्याच नातीच्या बारशास पाळणा मुका राहतो की काय, हा घोर बाईसाहेबांच्या जिवास लागला. बायका म्हणावयास राजी, पण शब्द कोणास ठाऊक, आणि कागदावर लिहून द्यावे तर बाईसाहेबांचे अक्षर असे की दुसरे दिवशी त्यांचे त्यांसही लागू नये. मग मसलत ठरली की पाळणा कॉम्प्युटरवर उतरावा आणि छापून प्रत्येकीच्या हाती द्यावा.

राणीसाहेब पलंगावरून बोलिल्या, "आई, तू सांग, मी टाइप करते. दहा मिनिटांचं काम."

"ते व्हायचं नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "आपल्याकडे पाळणा बाळाच्या कानी पडेपर्यंत बाळंतिणीने ऐकायचा नसतो. वाचायचा तर नाहीच."

"मग बाबांना सांग."

"यांना? हे मध्येच माझ्या आईच्या नावाचं चेष्टेचं कडवं घालतील."

आबासाहेब, म्हणजे बाईसाहेबांचे यजमान, दारात चहा घेऊन उभेच होते, ते म्हणाले, "घातलं असतं. दोन ओळी तयार आहेत." आणि चहा ठेवून निघून गेले. येणेप्रमाणे दुसरा इलाज न उरल्यामुळे बाईसाहेबांनी सातव्या दिवशी स्वतः मोहिमेचा विडा उचलिला. राणीसाहेबांनी पडद्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून निजावे आणि तेथूनच तालीम द्यावी, असा करार जाहला. जगात पुष्कळ गुरू होऊन गेले, परंतु शिष्य काय करतो ते न पाहता शिकविणारा गुरू या राज्यातच झाला असावा.

मग बाईसाहेबांनी हात धुतले, कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि माऊसवर उजवा हात ठेविला, आणि पडद्यावरील बाण पळत सुटला आणि कोपऱ्यात जाऊन दडला. बाईसाहेब माऊस ओढीत ओढीत टेबलाच्या कडेस आल्या आणि म्हणाल्या, "मृण्मयी, टेबल संपलं. आता?"

"उचल आणि परत मध्ये ठेव."

"उचलू? मग तो बाण पडायचा नाही?"

"नाही गं. तो तिथेच थांबतो तुझ्यासाठी."

बाईसाहेबांनी श्वास रोखून माऊस उचलिला आणि मध्ये आणून ठेविला, आणि बाण जागचा हलला नव्हता, तेव्हा त्या इतक्या खूश जाहल्या की त्यांनी माऊस पाच वेळा उगाच उचलून ठेविला. मग दोनदा टिचकी मारणे शिकविले, तर बाईसाहेब एक टिचकी मारीत, वाट पाहत, आणि मग दुसरी मारीत, जशी शेजारच्या दाराची कडी वाजवावी. राणीसाहेब भिंतीस सांगत्या जाहल्या, "आई, पाहुणी म्हणून नको जाऊ. पोलीस असल्यासारखी वाजव." मग दार उघडले आणि कोरे पान पडद्यावर आले. इंग्रजी अक्षरे दाबावी आणि मराठी उमटावे अशी सोय राणीसाहेबांनी आधीच करून ठेविली होती, त्यामुळे बाईसाहेब एका बोटाने, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने, कडवी रचू लागल्या, डोक्यातून थेट पडद्यावर, कागदास शिवल्याविना. एकच बोट का, तर बाईसाहेबांचा नेम असा की शुभकार्यास डावा हात लावावयाचा नाही. हळदीकुंकू उजव्या हाताने, नैवेद्य उजव्या हाताने, तसा पाळणाही उजव्याच हाताने. डावा हात छोट्या सरकारांस घेण्यात गुंतलेला असे, कारण आजीच्या डाव्या बाहीवर डोके ठेविल्याशिवाय सरकारांस झोप येत नसे, आणि झोपल्यावर तोंड उघडे राही आणि ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा एक थेंब तसाच राही.

प्रत्येक कडव्याच्या शेवटी पालुपद होते, 'नीज गं सोनुले, जो जो जो', आणि ते पुन्हा पुन्हा लिहिता बाईसाहेब दमल्या. तेव्हा राणीसाहेबांनी सांगितले की माऊसने ओळ रंगव, उजव्या बाजूची कळ दाब, यादी उघडेल, त्यातून कॉपी निवड, मग हव्या जागी पुन्हा यादी उघडून पेस्ट निवड. बाईसाहेबांनी तसे केले, आणि न लिहिता ओळ उमटली, तेव्हा त्या पडद्यास म्हणाल्या, "बाई बाई, काय गुणाची आहेस." मग राणीसाहेब म्हणाल्या, "याहून सोपं आहे. कंट्रोल धरून सी, की कॉपी. कंट्रोल धरून व्ही, की पेस्ट. डाव्या हाताने कंट्रोल धरायचा आणि उजव्याने—"

"डावा नको," बाईसाहेबांनी विषय मिटविला, आणि यादीनेच काम चालविले, आणि पान रात्रंदिवस उघडेच ठेवून दहाव्या दिवसापावेतो आठ कडवी सिद्ध जाहली.

अकराव्या दिवशी पाचाच्या सुमारास आबासाहेब पेन ड्राइव्ह घेऊन उभे राहिले, की छपाईचे दुकान सात वाजता बंद होते आणि उद्या सोमवार, उघडतच नाही. बाईसाहेबांनी विचार केला की पाळणा बाहेर जातो आहे तर घरी एक जादा नक्कल असावी. म्हणून त्यांनी सगळी आठ कडवी माऊसने रंगविली, आणि घाई होती म्हणून यादी टाळिली, आणि त्याच एका बोटाने आधी कंट्रोल दाबिला, सोडिला, आणि मग सी दाबिला. तो रंगविलेले सारे एका क्षणात लुप्त जाहले आणि पानावर एकच अक्षर उभे राहिले. बाईसाहेबांनी घाबरून एंटर दाबिला, पुन्हा दाबिला, आणखी तीन-चार कळा दाबिल्या, आणि मग खुर्चीत मागे टेकल्या.

"गेला," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"पाळणा. आठही कडवी. मी नक्कल करायला गेले आणि अस्सल घालवून बसले."

"सेव्ह केला होतास ना?"

"ते कधी सांगितलंस?"

भिंतीकडे तोंड केलेल्या गुरूने डोळे मिटून घेतले, कारण ते खरोखर सांगावयाचे राहून गेले होते. बाईसाहेबांचा आधीच बारीक असलेला आवाज अधिक बारीक जाहला. "पहिली दोन आठवतात. बाकीची बोटाला सुचली होती गं, डोक्यात नाहीत. उद्या बायका हातात कोरे कागद घेऊन उभ्या राहतील, आणि मी अशी." छोटे सरकार डाव्या बाहीवर जागे होऊन कुरकुरू लागले.

"आई, ऐक. काही गेलेलं नाही. कुठलीही कळ दाबू नकोस, पान बंद करू नकोस. बाळाला उजव्या खांद्यावर घे. घेतलंस? आता डाव्या हाताचा अंगठा खाली कंट्रोलवर ठेव, आणि धरून ठेव. त्याच हाताचं बोट झेडवर. दोन्ही शेजारीच आहेत."

"डाव्याने?"

"डाव्याने."

"मृण्मयी, पाळणा आहे तो."

आबासाहेब म्हणाले, "अगं, साडेपाच झाले, सोवळं नंतर बघ." तेव्हा राणीसाहेब हळूच बोलिल्या, "आई, मला कुठल्या कडेवर वाढवलंस?"

बाईसाहेबांनी आपल्या डाव्या बाहीकडे पाहिले.

"डाव्या. आणि ही गेले अकरा दिवस कुठल्या हातावर झोपते? जिचा पाळणा आहे तिला तो हात चालतो."

मग बाईसाहेबांनी छोट्या सरकारांच्या टाळूवर हनुवटी टेकविली, आणि डावा हात पदराखालून बाहेर काढिला, आणि अंगठा कंट्रोलवर रोवून झेड दाबिला. "काही नाही," त्या म्हणाल्या. पुन्हा दाबिला. "एंटर गेला वाटतं." पुन्हा, पुन्हा. "ती वेडी अक्षरं गेली. एकच उरलंय." आणि पुन्हा दाबिला, आणि पडद्याजवळ तोंड नेऊन कडवी मोजू लागल्या.

"आई? आला का?"

"आला. आठही. कडव्यांच्या मागे रंगसुद्धा तसाच आहे."

आबासाहेबांनी पडद्यावर वाकून पाहिले आणि खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. राणीसाहेबांनी ताबडतोब हुकूम दिला की माऊसची एक टिचकी देऊन रंग घालव, आणि कंट्रोल धरून एस, आत्ता, आधी ते. बाईसाहेबांनी एस दाबून शिक्का मारिला, आणि खात्रीसाठी आणखी सहा वेळा मारिला. मग छोटे सरकार राणीसाहेबांच्या कुशीत दिले, आणि बाईसाहेबांस दोन्ही हात मोकळे मिळाले, आणि मग त्यांस आवरणे कठीण जाहले. झेड दाबून एक ओळ मागे नेत, वाय दाबून पुढे आणीत, आणि हसत. शेवटच्या कडव्याचे पालुपद रंगवून डाव्याने कंट्रोल धरिला, उजव्याने सी, आणि मग व्ही, आणि पुन्हा व्ही, आणि पुन्हा, जसे लहान मुलीने सागरगोटे उडवावे. आबासाहेब म्हणाले, "सरकार, दुकान." मग पुन्हा शिक्का मारून पेन ड्राइव्ह रवाना जाहला आणि तीस प्रती छापून आल्या, आणि त्या वाचून पाहावयास कोणास सवड नव्हती.

बाराव्या दिवशी आळी जमली, पाळणा फुलांनी सजविला, आत्याबाईंनी कानात नाव सांगितले, शर्वाणी, आणि तीस बायकांनी तीस कागद डोळ्यांपुढे धरून एकदम आरंभ केला, कोणी वरच्या पट्टीत, कोणी खालच्या, परंतु शब्द सर्वांचे एक. राणीसाहेब प्रथमच ऐकत होत्या. बाईसाहेब दोरी धरून मुकाट झोका देत होत्या. आठवे कडवे आले:

लहान लहान बोटं, मोजायला मोठी,
आजीची गाणी गं, आली तुझ्या ओठी,
नीज गं सोनुले, जो जो जो.

आणि कागदावर त्याखाली तीच ओळ पुन्हा होती, आणि त्याखाली पुन्हा, एकूण अकरा वेळा, कालच्या आनंदात छापली गेलेली. आता आळीच्या बायका अशा की कागदावर आहे ते म्हणावयाचे, त्यात शंका नाही. चौथ्यांदा म्हणताना शर्वाणीबाईंचे डोळे जड जाहले, सहाव्यांदा मिटले. मग मूल उठू नये म्हणून बायकांनी आवाज उतरविला, आणि कागद संपेना म्हणून आणखी उतरविला, आणि नवव्या खेपेस ते गाणे राहिले नाही, नुसती कुजबुज उरली, डॉक्टरांनी मना केलेली नव्हती तेवढी. दहाव्या खेपेस बाईसाहेबांचे ओठ हलले. अकराव्या खेपेस तीस बायकांच्या कुजबुजीत एकतिसावी मिसळली, आणि पाळण्याच्या अगदी जवळ असल्यामुळे शर्वाणीबाईंस सर्वांत स्पष्ट तीच ऐकू गेली असावी, आणि राणीसाहेबांसही.

तात्पर्य, बारसे पार पडले, पाळणा मुका राहिला नाही, आणि तेव्हापासून त्या राज्यात कोणाकडेही बारसे असले तर शेवटची ओळ अकरा वेळा म्हणण्याचा रिवाज पडला तो चालू आहे. जैसे घडले तैसे लिहिले. मूल झोपले आहे, कागद हळू मिटावा.