बेचाळीस रकान्यांचा हिरा

वस्तू जितकी लहान, तितकी ती निवडायला माणसं जास्त लागतात, हा निसर्गाचा नियम आहे. घर नवरा-बायको मिळून एका रविवारी पसंत करतात. कपाट एकटी बायको करते. नवरा कोण पसंत करतं, यावर अजून एकमत झालेलं नाही. पण अर्ध्या वाटाण्याएवढा हिरा निवडायचा म्हटला, की पाच माणसं, नऊ आठवडे आणि बेचाळीस रकान्यांचा एक छापील तक्ता लागतो. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या तक्त्याच्या प्रत्येक प्रतीवर 'सचिव' म्हणून माझी सही आहे.

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बांधकाम खात्यात जिना तपासनीस होते. एकतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेत त्यांनी एक हजार एकशे चौदा जिने नापास केले. पायरी बोटभर उंच भरली, कठडा हलला, वळणावर पाऊल मावेना, की दाजी खिशातून घडीची पट्टी काढत आणि बांधणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळे. (स्वतः ते तळमजल्यावर राहतात. त्यामागे तत्त्व काही नाही, गुडघे आहेत.) त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, लिफ्ट दुरुस्त करतो. दाजी याला घरभेदीपणा समजतात, पण बोलून दाखवत नाहीत. फक्त वर्षातून तीन-चारदा बोलून दाखवतात.

भाच्याचं लग्न जमलं तेही लिफ्टमुळेच. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी एक मुलगी चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये पन्नास मिनिटं अडकली आणि भाचा दाराच्या फटीतून तिला धीर देत राहिला. लिफ्ट वास्तविक दहाव्या मिनिटालाच चालू झाली असती, असं नंतर चौकशीत निष्पन्न झालं. (आतल्या बाजूचं बटण आपणही चाळीस मिनिटं दाबलं नव्हतं, असं तिने त्याच चौकशीत कबूल केलं.) चौदा महिन्यांनी दोघांनी लग्न करायचं ठरवलं आणि अंगठीचा विषय निघाला.

"मला ते लखलखणारं काही नको," ती भाच्याला म्हणाली. "तो चौकोनी असतो ना, पायऱ्या-पायऱ्यांचा, तसला हिरा आण. एका बाईंच्या बोटात बघितला होता. आत बघत राहिलं की जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून बघितल्यासारखं वाटतं."

भाच्याने हे वाक्य जेवताना घरी जसंच्या तसं सांगितलं. इथेच घोडं चुकलं. 'जिना' हा शब्द कानावर पडताच दाजींनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"पायऱ्या किती?" त्यांनी विचारलं.

"बाबा, हिरा आहे तो."

"तेच म्हणतो. पायऱ्या किती?"

निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि वर्षभरात दाजींना कोणी एक पायरीही दाखवली नव्हती. त्यामुळे पान वाढलेलं असतानाच समिती स्थापन झाली. अध्यक्ष दाजी, सचिव मी, लाभार्थी सदस्य भाचा (मताचा अधिकार नाही), सदस्य ताई (मताचा अधिकार आहे, पण वापरायची वेळ येणार नाही असं गृहीत), आणि पदसिद्ध तज्ज्ञ म्हणून बाजारातले जवाहिरे, ज्यांना याची कल्पना दुसऱ्या दिवशी देण्यात आली.

जवाहिरे म्हातारे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी काळ्या मखमलीवर एक खडा ठेवला आणि समजावून सांगितलं. नेहमीच्या गोल हिऱ्याला पैलू भरपूर. तो इतका चमचमतो, की त्याच्या पोटात काय दडलंय ते दिसतच नाही. हा चौकोनी मात्र मोठ्या, सपाट, एकाखाली एक उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचा. हा काही लपवत नाही. टकलावरचा तीळ जसा उठून दिसतो, तसा याच्यातला बारीकसा डागही दिसतो. चारही कोपरे मुद्दाम तिरके छाटलेले, म्हणजे टवका उडत नाही. कोपरे सारखे हवेत, चौकोन खरा चौकोन हवा, खोली बेताची हवी.

दाजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि वीस मिनिटं काढलं नाही. मग म्हणाले, "तिसरी पायरी डावीकडे उतरलीये."

जवाहिऱ्यांनी भिंग घेतलं. बघितलं. पुन्हा बघितलं. आणि चाळीस वर्षं ज्या खुर्चीत बसत होते, त्या खुर्चीतून उठून त्यांनी दाजींना बसायला दिलं. ती खरंच उतरली होती.

त्या क्षणी आपण खडा बघून, आवडला तर घेऊन, घरी जाऊ शकलो असतो. पण ज्याला डोळा आहे, त्याने तो एकट्याने वापरणं हे पद्धतशीर कारभारात बसत नाही. दाजींनी तक्ता तयार केला. पहिल्या रकान्यात खड्याचा अनुक्रमांक. दुसऱ्या ते पाचव्यात चारही छाटलेल्या कोपऱ्यांची लांबी. सहाव्यात लांबीला रुंदीने भागून येणारी संख्या. पुढे खोली, पायऱ्यांची समांतरता, रंग, डाग, कडेची जाडी. एकोणिसाव्यात तपासनिसाचं नाव, विसाव्यात तपासनिसाच्या तपासनिसाचं नाव. (दोन्ही दाजी.) एकेचाळिसाव्यात 'आणीबाणीच्या प्रसंगी बाहेर पडण्याचा मार्ग'. हा रकाना जुन्या तक्त्यातून चुकून आला होता. पण एकदा छापलेला रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून मी तिथे प्रत्येक वेळी 'वरून' असं लिहीत असे.

नऊ आठवड्यांत एकूण एकसष्ट हिरे तपासले गेले. त्यांपैकी अठ्ठावन्न नापास झाले. कोपरे असमान, एकोणीस. लांबट असून चौकोनी असल्याची बतावणी, चौदा. कोपऱ्यांत पिवळसर झाक, अकरा. डाग, आठ. वजन वाढावं म्हणून पोट सुटलेले, पाच. आणि एक, 'वर्तणूक समाधानकारक नाही' या कारणावरून. (तपशील गोपनीय आहे. मला तो आजही माहीत नाही.) प्रत्येक नापास खड्याला लेखी कळवण्यात आलं: "सदर खड्यास कळविण्यात येते की, आपण अपेक्षित निकष पूर्ण करू न शकल्याने आपला विचार करता आला नाही. नव्वद दिवसांच्या आत अपील करता येईल." पत्र खड्याच्याच पुडीत घडी करून ठेवलं जाई आणि अपिलाची मुदत संपेपर्यंत पुडी दुकानातून हलवायची नाही, असा दंडक होता. जवाहिऱ्यांच्या कपाटात अशा अठ्ठावन्न पुड्या आपापलं नशीब वाचत पडल्या होत्या.

इकडे अंगठी घालायचा दिवस एकदा पुढे गेला. मग दुसऱ्यांदा गेला.

"अहो," ताई म्हणाली, "मी बिनअंगठीची आले या घरात. बत्तीस वर्षं झाली. काही अडलं का?"

"तेव्हा नियमावली नव्हती," दाजी म्हणाले.

"म्हणूनच लग्न झालं," ताई म्हणाली. इतिवृत्तात मी याची नोंद 'सदस्यांनी समाधान व्यक्त केले' अशी केली.

भाच्याची मात्र झोप उडाली होती. होणाऱ्या बायकोला दर आठवड्याला नवीन काय सांगायचं? पाचव्या आठवड्यात त्याने तिला सांगितलं, की कोपऱ्यांवर चर्चा चालू आहे. सातव्यात सांगितलं, की पोटसमिती नेमलीये. आठव्या आठवड्यात तिने सरळ विचारलं, "तुला लग्न करायचंय की नाही? नसेल तर तसं सांग. हिऱ्याच्या आडून सांगू नकोस." भाचा बोलायला गेला आणि नेमका अडखळला, कारण तो मुळात कमी बोलणारा; पन्नास मिनिटं सलग बोलला होता तो आयुष्यात एकदाच. ती म्हणाली, "रविवारी मी त्या दुकानात येते. हिरा असला तर ठीक. नसला तर तू तरी अस. त्यानंतर काय ते ठरवू."

हे भाच्याने मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा होता, की मी सचिवपद क्षणभर विसरलो. "अरे, तू बाबांना सांग ना," मी म्हणालो.

"काय सांगू, मामा? ते किती खूश आहेत, बघितलंस ना? वर्षभरात पहिल्यांदा सकाळी दाढी करतायत."

याचं उत्तर शोधायला मी तक्ता उघडला. तसा रकाना नव्हता.

रविवारी सगळे दुकानात जमलो. पास झालेले तीन खडे मखमलीवर मांडलेले. त्यांत सात क्रमांकाचा खडा म्हणजे दाजींच्या कारकिर्दीचा कळस. बेचाळीसपैकी एकेचाळीस रकाने निर्दोष. ती आली, ताईच्या शेजारी बसली, आणि दाजींनी अकरा पानी अहवाल वाचायला घेतला. आपल्याला शेवटची ओळसुद्धा स्वच्छ दिसते असं सांगणारी म्हातारी माणसं तिच्या दुकानात रोज येतात. त्यांचं ती जितक्या शांतपणे ऐकून घेते, तितक्याच शांतपणे तिने अकराही पानं ऐकली. मग म्हणाली, "काका, जरा देता?"

तिने सात नंबरचा खडा चिमट्याने उचलला आणि अहवालाच्या उघड्या पानावर ठेवला. वाकून बघितलं.

"'सदर खडा सर्वोत्कृष्ट आहे,'" तिने वाचलं. "पान नऊ. यातला 'सर्वोत्' खड्याच्या मधून दिसतोय, काका. अगदी स्वच्छ."

"मग? पारदर्शक आहे तो," दाजी म्हणाले.

"काच पारदर्शक असते. हिऱ्यात गेलेला उजेड आत फिरून वर परत यायला हवा. हा खालून निसटतोय. वरच्या पायऱ्या सुरेख आहेत, पण खालच्यांचा उतार चुकलाय. तुम्ही हा भिंगाशिवाय बघितला होता का?"

नऊ आठवड्यांत, एकसष्ट हिऱ्यांत, समितीच्या एकाही सदस्याने एकही हिरा नुसत्या डोळ्याने बघितला नव्हता. (जवाहिऱ्यांना सात नंबरची गोष्ट चौथ्या आठवड्यापासून ठाऊक होती. पण त्यांना बेचाळीसच प्रश्न विचारले गेले होते आणि हा त्रेचाळिसावा होता.)

"नापास झालेले बघू?" तिने विचारलं.

जवाहिऱ्यांनी कपाट उघडलं. तिने पुड्या सोडल्या, आतली पत्रं बाजूला ठेवली आणि एकेक खडा बोटांच्या बेचक्यात धरून हातभर लांबून बघू लागली. कुठे अर्धा मिनिट, कुठे तेवढाही नाही. विसाव्या-बाविसाव्या पुडीपाशी ती थांबली. हात किंचित हलवला. पुन्हा हलवला. मग तिने तो दाजींपुढे धरला.

दाजींचा हात सवयीने भिंगाकडे गेला. ताईने भिंग उचलून आपल्या पर्समध्ये टाकलं. समितीच्या कारकिर्दीतलं तिचं ते पहिलं आणि शेवटचं मतदान.

मग दाजींनी नुसतं बघितलं. चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन, खाली खाली गेलेले; एक पायरी उजेडाची, एक सावलीची, आणि हात हलला की उजेडाची सावलीची होत होती. चारी कोपऱ्यांतून चार पट्टे पवनचक्कीच्या पात्यांसारखे मधोमध येऊन मिळत होते. एकतीस वर्षं त्यांनी जिन्यांमधल्या चुकाच मोजल्या होत्या. एखाद्या जिन्यापाशी नुसतं उभं राहायला त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"चांगला बांधलाय," शेवटी ते म्हणाले. मग खाकरून, "पण याला नापास का केला होता आपण?"

मी पत्र वाचलं. "दुसऱ्या पायरीवर ठिपका. भिंगातून दिसतो."

"मलाही आता दिसला," ती म्हणाली. "असू दे. कुठे आहे ते माहीत असलं की झालं." आणि भाच्याकडे बघून, "याच्यातले सगळे मला माहीत आहेत. सोळा महिने बघतेय, तेही नुसत्या डोळ्यांनी."

भाचा लाल झाला. मग कोणालाही न विचारता त्याने जवाहिऱ्यांना अंगठीचं माप दिलं. ते त्याच्या खिशात नऊ आठवडे होतं. लाभार्थी सदस्याला बोलायचा अधिकार नव्हता. असता, तर ते पहिल्याच दिवशी बाहेर निघालं असतं.

लग्न झालं. अंगठी चांगली दिसते. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासताना ती हात वर करून "माझ्या बोटाकडे बघा" म्हणते, तेव्हा लोक बोटाऐवजी हिऱ्याकडे बघतात आणि नंबर चुकतो, एवढी एकच तक्रार आहे.

समिती त्याच दिवशी बरखास्त व्हायला हवी होती. पण दाजी प्रामाणिक माणूस. चूक कळली की दुरुस्त करतात. तक्त्याच्या सुधारित आवृत्तीत त्यांनी त्रेचाळिसावा रकाना घातला: 'खडा नुसत्या डोळ्याने पाहिला काय? होय / नाही.' 'होय' असल्यास दोन साक्षीदारांच्या सह्या आणि डोळ्यांच्या नंबरचा दाखला जोडावा लागतो. (दाखला सूनबाई देते. रांग असते.) तक्ता सर्वांना मोफत आहे. आजवर दोनशे बारा जणांनी तो नेला. त्यांपैकी हिरा घ्यायचा होता तो चौघांना. उरलेल्या दोनशे आठ जणांना जावेचा, नणंदेचा किंवा शेजारणीचा तपासायचा होता.

आता आपलं काय? आपल्यालाही हिरा घ्यायचा नाही, हे समितीला ठाऊक आहे. तरीही चौकोनी हिऱ्याच्या कोपऱ्यांची, पोटाची आणि ठिपक्यांची ही सगळी माहिती आपण इथवर, एक ओळ न गाळता, वाचलीत. ज्याचा आपल्याशी सुतराम संबंध नाही, त्यात इतक्या चिकाटीने लक्ष घालणारी माणसं हल्ली मिळत नाहीत. म्हणून आपली समितीवर एकमताने निवड करण्यात आली आहे. पुढची बैठक गुरुवारी, पाच वाजता. येताना खुर्ची आपापली आणावी.