डाव्या दाराचं वेल्डिंग

रविवारी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं, आणि शुक्रवार उजाडला तरी वेल्डर ठरत नव्हता.

गाडी सास्तूरच्या चन्नबसप्पांची, पांढरी, एकवीस वर्षांची. डाव्या दाराला खाली गंजून रुपयाएवढं भोक पडलं होतं. त्या बाजूला त्यांची बायको मल्लम्मा बसायची. तिला जाऊन चार महिने झाले. चन्नबसप्पांना आता नीट दिसत नव्हतं, म्हणून मुलानं, उमाशंकरनं, गाडी विकायला काढली होती.

वेल्डर शोधायचं काम त्याच्या लेकीनं, दहावीतल्या शिवप्रियानं अंगावर घेतलं. चार ठिकाणी फोन लावून, प्रत्येकाची उलटतपासणी करून तिनं जाहीर केलं, "अज्जा, उमरग्याचा सुरज! पातळ पत्र्याचं मशीन त्याच्याकडंच हाय. घरी येऊन करतो."

"गुरुसिद्धप्पाला बोलवा," चन्नबसप्पा म्हणाले.

"अहो अज्जा, ते उसाच्या ट्रॉल्या जोडतेत!"

"लोखंड ते लोखंडच की."

अज्जांचा शब्द मोडायची घरात पद्धत नव्हती.

शनिवारी गुरुसिद्धप्पानं अंगणात मशीन मांडलं. पहिल्याच ठिणगीला रुपयाची बशी झाली. कडा सावरायला गेला, तर बशीची परात. मग त्यानं ट्रॉलीच्या फाळक्याचा जाडजूड तुकडा तिथं बसवला. त्या वजनानं दार बिजागरीतून लोंबू लागलं, काही केल्या लागेना. शेवटी दोघांना दार उचलून धरायला लावून त्यानं ते चारी बाजूंनी गाडीलाच जोडून टाकलं.

"हलवून दावा आता!" तो म्हणाला.

रविवारी गिऱ्हाईकानं दाराला दोन हिसके दिले. "ही गाडी हाय का तिजोरी?" असं विचारून ते चहा न घेताच गेलं.

"काय माणूस निवडलात, अप्पा!" उमाशंकर ओरडला. चन्नबसप्पा उठून गाडीकडं गेले.

शिवप्रिया तणतणत गुरुसिद्धप्पाच्या दुकानात गेली. "काका, जमत नव्हतं तर न्हाय म्हणायचं की!"

"म्हणलो की पोरी. पत्रा जळंल, म्या हात लावत न्हाय म्हणलो." त्यानं काळा चष्मा कपाळावर सरकवला. "तुझा अज्जा म्हणला, म्हणूनच तू ये."

ती परतली तेव्हा अज्जा उभ्या गाडीत स्टेअरिंगपाशी बसले होते. डावीकडं मान वळवून हळू आवाजात कानडीत काहीतरी सांगत होते. मधेच थांबत होते, ऐकल्यासारखं.

शिवप्रिया अंगणाच्या कडेलाच थांबली.

तेवढ्यात घरातून उमाशंकरची हाक आली, "शिवा, लाव गं त्या उमरग्याच्या सुरजला फोन! दार कापूनच काढू."

तिनं मोबाइल कानाला लावला. न लावलेल्या फोनवर बराच वेळ "हॅलो, हॅलो" केलं.

"काय म्हणतोय?"

"बाबा, त्यानं वेल्डिंग सोडलं म्हणं," डोळे पुसत ती ओरडली. "शेळ्या पाळतोय आता."