चारही चाकांची परीक्षा

आमच्या घरात गाडीतलं सगळ्यात जास्त कळतं ते मला. आमचा मेकॅनिकही हे मान्य करतो. तोंडाने नाही, पण मी बॉनेटमध्ये डोकं घातलं की तो जो उसासा टाकतो, त्यावरून कळतंच.

तर बाबांनी आमची जुनी जीप भंगारात काढायची ठरवली. कारण काय, तर तिचा फोर-व्हील ड्राइव्ह गेलाय. लिव्हर ओढला तरी पुढची चाकं जोर लावत नाहीत. याच जीपमधून बाबा मला रोज शाळेत सोडतात, आणि मी फाटकाशी अशी उतरते की बाकीच्यांच्या गाड्या खेळण्यातल्या वाटाव्यात. ती भंगारात? मी जेवताना जाहीर केलं, "मी तपासून दाखवते. चारही चाकं फिरली तर जीप राहणार."

"आणि नाही फिरली तर?"

"मी पुन्हा कधी बॉनेट उघडणार नाही."

"मंजूर," बाबा इतक्या पटकन म्हणाले की मला जरा लागलंच.

अशा तपासणीला निसरडी जमीन लागते. पावसाचा पत्ता नव्हता, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी सकाळपासून मागच्या अंगणात पाइप सोडून ठेवला. दुपारपर्यंत एखादी म्हैस सुखाने नांदेल असा चिखल तयार!

बाबांनी जीप आत घातली, लिव्हर ओढला, क्लच सोडला. मागची चाकं मिक्सरसारखी गरगरली, स्वयंपाकघराच्या भिंतीवर नक्षी उमटली आणि जीप मागून खाली बसली. पुढची चाकं रुसलेल्या पाहुण्यांसारखी ढिम्म.

"झाली का तपासणी?" खिडकीतून आईने विचारलं.

"सुरू आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात भंगारवाले काका टेम्पो घेऊन हजर. बाबांनी त्यांना आधीच बोलावून ठेवलं होतं. लेकीवर केवढा हा विश्वास! काका म्हणाले, "दोर बांधा, आत्ता ओढतो," आणि टेम्पो मागे घेत आले. जरा जास्तच मागे आले. आता चिखलात दोन गाड्या होत्या.

"काकांच्या टेम्पोचीही तपासणी करणार आहेस का गं?" पुन्हा खिडकी.

मी चिखलात उकिडवी बसून पुढच्या चाकाकडे बघत होते. चाकाच्या मधोमध हाताने फिरवायचा एक गोल खटका असतो. तो 'लॉक'वर नसेल तर आत कितीही जोर लावा, चाकापर्यंत काही पोचत नाही. आणि आमचा खटका होता 'फ्री'वर. दुसऱ्या बाजूचाही.

"बाबा, हे कुणी फिरवलं?"

बाबा आभाळाकडे बघू लागले. "डिझेल वाचतं म्हणे. फिरवले असतील मीच मागे कधीतरी."

दोन्ही खटके मी 'लॉक'वर फिरवले, काकांनी टेम्पोचा दोर जीपला बांधला. बाबांनी क्लच सोडला. पुढच्या चाकांनी चिखलात नखं रोवली आणि जीप बाहेर आली, वर काकांचा टेम्पोही दोराने ओढत घेऊन आली. मी बॉनेटवर हात ठेवून अशी उभी राहिले, जणू जीप मीच जन्माला घातली होती.

काका जीपभोवती फेरी मारून आले. "साहेब, ही भंगारात घालू नका. मी चालू गाडीच्या भावाने नेतो."

बाबांचे डोळे चमकले. जीप चांगली आहे हे सिद्ध करून मीच तिला गिऱ्हाईक मिळवून दिलं होतं!

"काका," मी घाईघाईने म्हणाले, "पण ब्रेक उशिरा लागतात. स्टेअरिंग डावीकडे ओढतं. आणि माझ्या बाजूचं दार वळणावर आपोआप उघडतं."

काकांनी दोर गुंडाळला आणि ते निघून गेले. बाबा मात्र हाताची घडी घालून उभे होते.

"एवढं सगळं बिघडलंय?"

"थोडंसंच," मी म्हटलं.

"मग अशा गाडीतून मी तुला शाळेत कसा सोडू?"

जीप आमच्याकडेच आहे. चारही चाकं ठणठणीत. मी सध्या बसने जाते, पण खिडकीशी बसते आणि मान ताठ ठेवते.